कायद्याच्या वर्गातून जागतिक न्यायालयात

मुलांना आपण विद्यापीठात पाठवतो ते नोकरीसाठी. त्यात गैर काहीच नाही. पण प्रशांत महासागरातल्या बेटांकडे जरा पाहू. तिथे १२ बेट-देशांचे मिळून एकच साउथ पॅसिफिक विद्यापीठ आहे. हवामानबदल आणि शाश्वत विकास तिथे जोडूनच शिकवतात. समुद्र चढला की विहीर खारी, शेत खारे. मग विकास कसला?

वानुआतुमधल्या त्याच्या २७ कायदा-विद्यार्थ्यांनी २०१९ साली विचारले, या नुकसानीला जबाबदार कोण? सरकारांच्या मागे लागले. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की, हवामान राखणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्यच आहे. मत सल्ल्याचे आहे, बंधनकारक नव्हे. तरी पोरांनी केवढी मजल मारली! आपल्या अभ्यासिकेतल्या मुलांना हे आम्ही मुद्दाम सांगणार आहोत.