युद्ध तिकडे, तेजी इकडे

आजचा विषय माझ्याच एका लाजिरवाण्या गोष्टीवरून सुचला. म्हणून आधी ती सांगून टाकतो.

मागे मी मोबाइलवरच्या एका ॲपवरून शस्त्रं बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. फार नाही, १२ हजारांचे. युक्रेनमध्ये युद्ध चालू आहे, सगळे देश शस्त्रखरेदी वाढवताहेत, म्हणजे भाव चढणार. एवढंच माझं गणित, आणि ते बरोबरही निघालं. मग एक दिवस लोकलमध्ये उभा असताना नोटिफिकेशन आलं, शस्त्रसंधीची बोलणी होणार म्हणून. पाठोपाठ शेअर घसरला. माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? "अरे यार, आत्ताच कशाला!"

शेजारच्या काकांनी वळून बघितलं. त्यांना कशाबद्दल चाललंय ते कळलं नसेल, पण मला कळलं. कुठेतरी माणसं मरायची थांबण्याची शक्यता होती आणि मला माझ्या १२ हजारांची पडली होती.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की दूरच्या युद्धात कमावतं कोण? उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. चर्चगेटला उतरा, ओव्हल मैदानाकडे चालत जा. समोर राजाबाई टॉवर दिसेल. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या दलालाने आपल्या आईच्या नावाने या टॉवरसाठी पैसे दिले, १८६४ साली. आणि १८६४ सालचा कापसाचा पैसा म्हणजे अमेरिकेतल्या युद्धाचा पैसा.

कसं ते सांगतो. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेत गुलामांकडून कापूस पिकवून घेत आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या त्या कापसावर चालत. त्यांचा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथूनच यायचा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि माल थांबला. गिरण्यांना दुसरा कापूस हवा होता. तो होता आपल्याकडे, गुजरातेत, खानदेशात, वऱ्हाडात. आणि जहाजात चढायचा मुंबईतून.

आपला कापूस आखूड धाग्याचा. एरवी इंग्रज गिरणीवाले त्याला नाकं मुरडायचे. पण आता भाव कित्येक पटींनी चढले. लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यातला कापूससुद्धा विकला, असं त्या काळाबद्दल सांगतात. मुंबईत पैसा नुसता ओतला जात होता. एवढ्या पैशाचं करायचं काय? मग नव्या बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांच्या शेअरवर सट्टा सुरू झाला. वकील, कारकून, व्यापारी सगळे त्यात. ॲप नव्हतं, बाकी सगळं आजच्यासारखंच.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. या सगळ्या इमारतीचा पाया एकच होता, युद्ध चालू राहणं. तिकडे त्या चार वर्षांत ६ लाखांहून जास्त सैनिक मेले. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडून कामगारांची घरं उपाशी होती. आणि इकडे मुंबईच्या बाजारात सगळ्यात वाईट बातमी कुठली ठरली असती? युद्ध संपल्याची!

ती आलीच. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. कापूस कोसळला. मुंबईतले वायद्याचे बरेचसे सौदे १ जुलैला पुरे करायचे होते. त्या दिवशी द्यायला पैसे कोणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांना विकावा लागला. खुद्द प्रेमचंद रायचंद बुडाले.

मग कमावलं कोणी? ज्यांनी वेळेत माल विकून पैसा बाहेर काढला, त्यांनी. आणि शेतकऱ्याने? खोटं का बोला, त्यालाही चार वर्षं चांगला भाव मिळाला. कापूस न पिकवणाऱ्या गावांतही हातात पैसा खेळायला लागला. पिकाला भाव आहे म्हटल्यावर सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागला. भाव उतरले, कर्ज मात्र उतरलं नाही. त्यात १८६७ पासून सरकारने पुणे जिल्ह्यात शेतसारा वाढवायला घेतला. सावकाराने हात आखडला. शेवटी १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे रोखे, गहाणखतं, वह्या हिसकावून जाळल्या. कारणं बरीच होती, पण कापसाच्या तेजीत वाढलेलं कर्ज हे त्यातलं एक. युद्ध संपून दहा वर्षं झाली होती आणि लढाई झाली होती हजारो मैलांवर!

आजही फार वेगळं नाही. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेल आणि गॅस महागलं, आणि शेल कंपनीने त्या वर्षी जवळजवळ ४० अब्ज डॉलर नफा कमावला, तिच्या इतिहासातला तेव्हापर्यंतचा सर्वांत मोठा. त्याच वर्षी आपल्या घरी काय झालं? सूर्यफुलाचं तेल महाग झालं, कारण आपल्याकडे ते मोठ्या प्रमाणात युक्रेनमधून यायचं. आई डब्यातून तेल मोजून काढायला लागली. ज्यांनी कमावलं ते वेगळे आणि ज्यांनी भरलं ते वेगळे.

मी असं म्हणत नाही की नफ्यासाठीच युद्धं होतात. अमेरिकेतलं युद्ध गुलामगिरीच्या प्रश्नावर पेटलं होतं, मुंबईच्या दलालांनी ते लावलं नव्हतं. तरीही एकदा का आपला पैसा युद्धावर लागला, की शांतता आपल्याला नुकसान वाटायला लागते. चांगल्या माणसालाही वाटते. मला १२ हजारांत वाटली. मग ज्यांचे हजारो कोटी लागलेत आणि ज्यांचं सरकारदरबारी वजन आहे, त्यांना शांतता किती नको असेल, विचार करा.

मी ते शेअर विकले. संत झालो म्हणून नाही, थोडा नफाही झाला, तेही सांगतो. पण बातमी वाचताना "थांबू दे रे बाबा" हे माझ्या मनात आधी यायला हवं, म्हणून विकले. तुम्ही काय केलं असतं? कॉमेंटमध्ये नक्की लिहा, माझं चुकत असेल तर तेही लिहा.