हाताशी माठ हवा

१९८८ साली एका लहान कारखान्यासाठी मी नग मोजणारे यंत्र बनवून दिले होते. प्रेस खाली आला की आकडा एकाने पुढे जायचा. पण महिन्याभरात यंत्राचा आकडा पेटीतल्या नगांपेक्षा जास्त येऊ लागला. प्रेस चालवणाऱ्या मामांवर चोरीचा संशय आला. मामा परोपरीने सांगत होते, "साहेब, साताच्या पुढं कधी कधी एकदम नऊ येतो." मी म्हणालो, "यंत्राला खोटं बोलता येत नाही, मामा."

घरी गेल्यावर मात्र तो सात मनातून जाईना. मोजणारी चिप शून्य आणि एक एवढेच अंक जाणते. तिच्या लेखी सात म्हणजे ०१११ आणि आठ म्हणजे १०००. साताचे आठ होताना चारही अंक एकाच वेळी बदलतात. त्या क्षणी, ५ नॅनोसेकंदांत, चिप सुमारे २० मिलिअँपिअर जादा प्रवाह ओढते. माझा वीजपुरवठा होता १० सेंटिमीटर लांब. तेवढ्या तारेलाही जडत्व असते. ती एकदम प्रवाह वाढू देत नाही. हिशेब केला, तर चिपपाशी विजेचा दाब तेवढ्यापुरता ०.४ व्होल्टने घसरत होता. त्या टीटीएल जातीच्या चिपला सोसणारी गडबड जेमतेम तेवढीच! शून्य-एकची गल्लत होऊन एक नग उगाच मोजला जात होता.

गावची टाकी कितीही मोठी असो, तहान लागली की हाताशी माठच लागतो. चिपचा माठ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. त्याच्यावर '१०४' छापलेले असते, म्हणजे दहावर चार शून्ये, इतके पिकोफॅरड. प्रत्येक चिपच्या वीज आणि ग्राउंड या पायांना खेटून, पाय आखूड ठेवून तो जोडायचा. वीज बोर्डावर येते तिथे मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हवाच. पण तो इतका चपळ नसतो. मी तो एकच बसवून पाच चिपचे पाच लहान कपॅसिटर वाचवले होते. बचत काही रुपयांची.

कपॅसिटर बसवले, हजार ठोके मोजून पाहिले. आकडा बरोबर आला. मग मामांकडे गेलो. म्हणालो, "चूक माझी होती, मामा."

ते एवढेच म्हणाले, "हे मालकांपुढं बोला, साहेब."

बोललो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)