चूक हाताची कीं मुठीची?



शाळेंत शिकवितांना एक प्रश्न मीं असंख्य वेळां विचारला : "लक्ष कुठें आहे तुझें?" आज त्या प्रश्नाची मलाच थोडी शरम वाटते. कां, तें सांगतों.

१५ जानेवारी २०२३ रोजीं काठमांडूहून निघालेलें एटीआर ७२ जातीचें विमान पोखरा येथें उतरतां उतरतां कोसळलें. आंतील सर्व ७२ माणसें दगावलीं. चौकशी मंडळाचा निष्कर्ष असा कीं, पंखांमागील झडपा, म्हणजे फ्लॅप, आणखी खालीं करावयाचे असतां बहुधा अनवधानानें जवळचे दुसरेच दोन दांडे हलविले गेले. त्यांनीं प्रॉपेलरचीं पातीं वाऱ्याच्या रोखानें वळलीं. एंजिनें चालूंच होतीं. पण विमानास पुढें नेणारा जोर नाहींसा झाला.

ही चूक जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेचीं बी-१७ विमानें सुखरूप उतरल्यावर वैमानिक फ्लॅप मिटावयाच्या ऐवजीं चाकेंच मिटीत. अल्फोन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञानें पाहिलें, तों दोन्ही खटके सारखे आणि शेजारीं-शेजारीं! त्यानें एका खटक्यास चाकाच्या आकाराची, दुसऱ्यास पाचरीसारखी मूठ बसविली. न पाहतांही बोटांना भेद कळूं लागला. आज मोठ्या प्रवासी विमानांत चाकांच्या व फ्लॅपच्या मुठींचे आकार नियमानेंच ठरलेले आहेत. तरीही पोखऱ्यास अनर्थ घडला. म्हणून मूठ ओढण्यापूर्वीं तिचें नांव उच्चारून डोळ्यांनीं खात्री करणें हेंही तितकेंच आवश्यक.

विमानाची गोष्ट दूरची वाटेल; पण आमच्या पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत मोटारींचे भाग घडविणारे प्रेस रात्रंदिवस चालतात. माझ्या एका विद्यार्थ्याचा पाय प्रेसच्या पायट्यावर अवेळीं पडला आणि दोन बोटें गेलीं. त्या लहानशा कारखान्यानें कारण लिहिलें : कामगाराचा निष्काळजीपणा. दोन्ही हातांनीं दोन बटणें एकदम दाबल्यावांचून प्रेस खालीं येणार नाहीं, अशी योजना पुष्कळ ठिकाणीं असते. ती तेथें असती, तर पाय चुकूनही हात वांचला असता.

तो भेटावयास आला, तेव्हां मान खालीं घालून म्हणाला, "सर, माझेंच लक्ष नव्हतें."

हें वाक्य त्यास मींच शिकविलें होतें. लक्ष हें माणसाचें, तें क्षणभर ढळणारच. तेवढ्या एका क्षणासाठीं बोटें किंवा प्राण द्यावे लागूं नयेत, ही जबाबदारी यंत्र घडविणाराची व तें बसविणाराची आहे.