रेतीचा ढीग आणि तिरपं ऊन
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



हॉलमध्ये माझे जुने फोटो लावले आहेत, त्याबद्दल दोन शब्द बोला, असा सचिवांचा आग्रह. आयुष्य बँकेत आकडे जुळवण्यात गेलं, त्यामुळे भाषणाची सवय नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

डिसेंबर 2000 मध्ये एलटीसी घेऊन आम्ही उभयता राजस्थानात गेलो. जैसलमेरपासून सुमारे 40 किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे. तिथे थर वाळवंटातल्या रेतीच्या टेकड्या आहेत. गोंदियाच्या सवयीने मी पहाटेच जाऊन बसलो आणि थंडीत कुडकुडत राहिलो. घड्याळातली वेळ सगळीकडे एकच, पण जैसलमेर आपल्यापेक्षा 9 अंश पश्चिमेला. एका अंशाला 4 मिनिटं. शिवाय ते उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात दिवस आणखी लहान. सूर्य आपल्याहून पाऊण तास उशिरा उगवला!

पण उगवला आणि बसल्याचं सार्थक झालं. ऊन तिरपं पडलं की रेतीवरच्या बारीकशा लाटेलाही सावली येते. वाऱ्याकडची चढण लांब आणि सौम्य, पलीकडची बाजू एकदम उभी. एक उजेडात, दुसरी काळोखात, मधली धार सुरीने कापल्यासारखी. दुपारी सावल्या आखडल्या की तीच टेकडी पांढुरकी, सपाट दिसते. सायंकाळी पुन्हा पिवळी, मग केशरी आणि सूर्य बुडाल्यावर राखाडी. उजळ रेतीपुढे कॅमेऱ्याचं मीटर फसतं, फोटो काळपट येतो. म्हणून एक स्टॉप उजेड जास्त द्यावा लागतो.

रोल 36 फोटोंचा. सौ. म्हणाल्या, "अहो, एक माझा काढा ना." मी म्हटलं, "थांब, उजेड चालला." रोल संपला. घरी प्रिंट पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "रेतीच पाहायची होती तर आपल्या प्लॉटवर ट्रकभर पडली आहे."

बोलणं लागलं. तेव्हा 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा दोन वर्षांचाही नव्हता आणि सोसायटी म्हणजे नुसते खांब आणि अर्ध्या भिंती. गेटजवळ वैनगंगेच्या रेतीचा ढीग. एका रविवारी सायंकाळी कॅमेरा घेऊन गेलो. पाहतो तर काय, तीच धार, तीच सावली! कोरडी रेती घसरत घसरत ज्या उतारावर थांबते, तो उतार समला आणि आपल्या गेटवर सारखाच, 33-34 अंशांच्या आसपास.

ढिगावर पोरं उड्या मारत होती. मी ओरडलो, "उतरा रे, पावलं उमटतात!" सगळी उतरली. एक चिमुरडी मात्र फतकल मारून बसली. "काकाजी, मी नाही उतरत." मागे आपले पहिले सचिव भिंतीवर पाणी मारत होते. त्यांनाही बाजूला व्हायला सांगणार होतो, पण सूर्य टेकला होता. चिडूनच बटण दाबलं.

दारात मोठा करून लावला आहे तो हाच फोटो. सचिव आज आपल्यात नाहीत. बांधकाम चालू असतानाचा त्यांचा हा एकच फोटो आहे. काल त्यांचा मुलगा त्याच्यासमोर बराच वेळ उभा होता. ती चिमुरडी आज स्वतःच्या मुलीला घेऊन दुसऱ्या रांगेत बसली आहे. समचे 36 फोटो चांगले आले आहेत, पण त्यांची प्रत अजून कोणी मागितली नाही. या फोटोच्या प्रती मात्र कालपासून नऊ जणांनी मागितल्या.

मोबाइलवाल्या मुलांनो, सकाळचं किंवा सायंकाळचं ऊन बाजूने येऊ द्या, बाकी काही अवघड नाही. पण फ्रेममध्ये आलेल्या माणसाला माझ्यासारखं हाकलू नका.

आता पाच वाजत आले. अर्धा तास ऊन तिरपं राहील. सर्वांनी गच्चीवर यावं. पहिला फोटो सौ.चा. 25 वर्षांची थकबाकी आहे, व्याज माफ करून घेण्याचा प्रयत्न करीन.