जाणणें म्हणजे काय?
(ज्युबिली सप्ताहांत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सप्ताहांत धर्मगुरूनें धर्मग्रामाचा इतिहास सांगावा अशी वहिवाट आहे. तो इतिहास ह्या पुस्तिकेंत इतरांनीं लिहिलाच आहे, व आमच्यापेक्षां चांगला लिहिला आहे. म्हणून आज आम्हीं निराळाच विषय घेतला आहे. एखादी गोष्ट आपणांस ‘ठाऊक आहे’ असें माणसानें केव्हां म्हणावें? विषय सेमिनरींतला वाटेल. आम्हीं तो तेथें शिकलों व परीक्षेंत त्याचे गुणहि मिळविले. परंतु तो आम्हांस समजला तो कळव्याच्या खाडींत, आणि तोहि एका मुलाच्या जिवावर बेतल्यानंतर.

गोष्ट पंचवीसएक वर्षांपूर्वींची. आम्ही ह्या भागांत मदतनीस धर्मगुरू म्हणून नवीनच आलों होतों. एका रविवारीं दुपारीं चार मुलांना घेऊन होडींतून खाडींत गेलों. निघतांना वर्तमानपत्रांतली भरतीची वेळ पाहून घेतली होती: सायंकाळीं सहा. परततांना काठापासून वीसपंचवीस हातांवर होडी चिखलांत रुतली. घड्याळांत सहा वाजून गेले होते. आम्हीं मनाशीं हिशेब केला कीं, भरती पुरी झाली, आतां पाणी उतरणार, मग रात्रभर येथेंच बसावें लागेल. तेव्हां मुलांनीं उतरून चालतच काठ गांठावा हें बरें. काठावर एक म्हातारे कोळी बाबा जाळें आवरीत होते. त्यांनीं ओरडून सांगितलें, “थांबा! पानी अजून चढतंय!” आम्हीं हातांतला कागद हालवून त्यांना दाखविला. तो कागद हालविणारा आपला हात आजहि डोळ्यांपुढें येतो.

पहिला मुलगा उतरला तो कमरेपर्यंत गेला, आणि धडपडूं लागला तसा छातीपर्यंत. खाडीचा चिखल ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगावयास नको. बाबांनीं एक फळी चिखलावर टाकली, तिच्यावर पोटानें सरकत ते पुढें आले, व मुलाला काखेंत धरून त्यांनीं ओढून काढलें. हें चाललें असतांनाच आमची होडी आपोआप तरंगूं लागली होती.

“तें पानी मुंबईचं, फादर,” बाबा धापा टाकीत म्हणाले. “आपल्या काठाला अजून येयाचं हाय.”

वर्तमानपत्रानें खोटें कांहींच छापलें नव्हतें. सहाची वेळ बरोबर होती. परंतु ती मुंबई बंदराची होती. खाडी तेथून उत्तरेकडे जसजशी येते तसतशी अरुंद व उथळ होत जाते, आणि भरतीला येथपर्यंत पोहोंचावयास वेळ लागतो. आमच्याजवळ एक खरें वाक्य होतें, पण तें कोठल्या पाण्याविषयीं खरें आहे, हें आम्हीं विचारलें नव्हतें. खरें वाक्य खिशांत असणें आणि जाणणें ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढें त्या सायंकाळीं आम्हीं शिकलों.

पुढें आम्ही त्या बाबांकडे वारंवार जाऊं लागलों. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण भरतीचा हिशेब ते बोटांवर करीत. अमावास्येस व पौर्णिमेस भरती बाराच्या सुमारास. पुढें जी तिथि असेल तिची पाऊणपट करावी. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. आमची ती फजिती अष्टमीचीच होती. म्हणजे वर्तमानपत्रांतले सहा बाबांच्या बोटांवर आधींच होते, आणि वर कळव्याच्या काठाचा उशीर ते आपला आपण धरीत. उधाण केव्हां, भांग केव्हां, हेंहि त्याच तिथीवरून. आम्हीं विचारलें, “चंद्राचा आणि पाण्याचा संबंध काय?” ते म्हणाले, “तें मला काय ठावं? बापानं सांगितलं. मग मीं जल्मभर पानी बघितलं.”

हें ज्ञान म्हणावें काय? अरिस्टॉटल, व त्याच्या मागून संत थॉमस अक्वायनस, ह्या दोघांनीं दोन पायऱ्या सांगितल्या आहेत: एक, ‘असें आहे’ हें जाणणें, दुसरी, ‘असें कां आहे’ हें जाणणें. बाबा पहिल्या पायरीवर पक्के उभे होते. दुसरी पायरी उंच, हें कबूल. पण ती पहिलीवाचून चढूं पाहणाऱ्याची काय गत होते पाहा. गॅलिलिओसारखा प्रचंड बुद्धीचा मनुष्य! १६३२ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें भरती-ओहोटीचें कारण पृथ्वीच्या गतींत शोधिलें, आणि केप्लरनें चंद्राचें नांव घेतलें म्हणून त्याला बोल लाविला. त्याच्या उपपत्तीप्रमाणें दिवसांतून एकच भरती यावी. दोन येतात हें व्हेनिसच्या नावाड्यांस ठाऊक होतें, आणि आमच्या बाबांसहि. (पृथ्वी फिरते हें त्याचें म्हणणें मात्र खरें होतें. १६३३ मध्यें त्याला दोषी ठरविणारे चुकले, हें पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं १९९२ मध्यें मान्य केलें. धर्मगुरूनें ही गोष्ट गाळून पुढें जाणें बरें दिसणार नाहीं.) चंद्र व सूर्य ह्यांच्या आकर्षणानें पाणी चढतें ही उपपत्ति न्यूटननें १६८७ मध्यें मांडली. तोंवर कोळ्यांच्या कित्येक पिढ्या होड्या सुखरूप काठाला लावीत आल्या होत्या.

आतां ‘बापानं सांगितलं’ ह्या शब्दांकडे वळूं. कांहीं तरुण मंडळी म्हणतात, “आम्ही स्वतः पाहूं तेंच खरें मानूं.” आपल्या देशांत चार्वाकांनीं हेंच म्हटलें होतें. पण संत ऑगस्टीन ह्यांनीं आपल्या आत्मनिवेदनाच्या सहाव्या भागांत दाखविलें आहे कीं, न पाहतां केवळ इतरांच्या सांगण्यावरून आपण किती गोष्टी मानतों. आपण कोणत्या आईबापांच्या पोटीं जन्मलों, हेंसुद्धां ऐकूनच. न्यायशास्त्रानें प्रत्यक्ष, अनुमान व उपमान ह्यांच्या पंक्तीस ‘शब्द’ बसविला तो उगाच नव्हे. मात्र शब्द आप्ताचा हवा; म्हणजे ज्यानें वस्तु साक्षात् जाणली आहे व जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, त्याचा. आणि हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ ह्या सर्वांस सारखेंच लागू, असें भाष्यकार वात्स्यायन सांगतो. त्या सायंकाळीं काठावर आप्त उभा होता. आम्हीं त्याचें धोतर पाहिलें, आपला झगा पाहिला, आणि कागद हालविला.

ह्याचा अर्थ कोणी कांहींहि ओरडला तरी ऐकावें असा नव्हे. २००५ च्या जुलईंत, २६ तारखेस, सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हें आपण कोणी विसरलों नाहीं. त्यानंतर मुंबईंतील एका वस्तींत धरण फुटल्याची आवई उठली, लोक धांवले, व चेंगराचेंगरींत माणसें मेलीं. पाणी डोळ्यांनीं पाहिलेला कोणी त्या आवईच्या मुळाशीं नव्हता. बाबांना ‘तुम्हांला कसें ठाऊक?’ असें विचारलें असतें, तर त्यांनीं चिखलावर चढत चाललेली पाण्याची रेघ बोटानें दाखविली असती. विचारावयास आम्हांस अर्धा क्षण लागला असता.

बाबा आतां हयात नाहींत. त्यांच्या शेवटच्या आजारांत आम्ही त्यांस भेटावयास गेलों, तेव्हां खिशांत वही होती. मुंबईच्या वेळेंत कळव्यासाठीं नेमका किती वेळ मिळवावा, तें लिहून घ्यावें, म्हणजे पुढच्या मुलांच्या उपयोगीं पडेल, असा आमचा विचार. बाबांनीं बराच वेळ डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, “लिहूं नका, फादर. काठाला भराव पडला, गाळ चढला. आतां मलाबी परत बघाया लागंल.”