नोकरीची खुर्ची आणि विमानाची खुर्ची



कोल्हापूर शहराबाहेर उजळाईवाडीच्या माळावर आपला विमानतळ आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, तो सुरू झाला. मध्ये कित्येक वर्षे तिथे नेमाने येणारे विमान नव्हते. पुढे ही वाहतूक पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये प्रवाशांसाठी नवी इमारतही उघडली. आता उसाच्या फडात काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून विमान जाते आणि घरातले पोर मान वर करून म्हणते, ‘‘मला विमान चालवायचंय.’’

पोर दहा वर्षांचे असले तर आपण कौतुकाने हसतो. पण हेच वाक्य बँकेत कायम झालेला, किंवा साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात बसलेला पंचविशीचा मुलगा बोलला, म्हणजे घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. आई म्हणते, ‘‘चांगली लागलेली नोकरी लाथाडतोस व्हय?’’ वडील काही बोलत नाहीत. ते मनातल्या मनात जमिनीचा उतारा वाचत असतात. आजचे हे बोलणे या मुलासाठी आहे, त्याच्या आईवडिलांसाठी आहे, आणि ज्यांच्याकडे तो सल्ला विचारायला जातो त्या गुरुजींसाठीही आहे.

पक्की नोकरी सोडून वैमानिक झालेली माणसे आहेत का? आहेत. इंग्लंडातील एमी जॉन्सन या बाईंची हकिगत ऐकण्यासारखी आहे. त्या मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी. लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचे, चिटणिशीचे काम करीत. १९२८ साली त्या विमान शिकू लागल्या. पण कचेरी सुटली नव्हती. कामाच्या आधी आणि कामानंतर त्या विमानाच्या तळावर जात. हात लवकर बसेना. एकटीने विमान उडवण्यापूर्वी त्यांना इतरांपेक्षा बरेच अधिक तास शिकावे लागले. तरी १९२९ साली त्यांनी परवाना मिळवला आणि कचेरी सोडून यंत्रदुरुस्तीचाही परवाना घेतला. ५ मे १९३० रोजी त्या एका जुन्या, लहान विमानातून एकट्या निघाल्या आणि २४ मे रोजी ऑस्ट्रेलियात पोचल्या. वाटेत कराची, झांशी, अलाहाबाद, कलकत्ता असे त्यांचे मुक्काम आपल्याच मुलखात झाले.

आता या गोष्टीचा दुसरा भागही ऐका, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. एवढी कीर्ती झाली, तरी विमान चालवण्याची कायमची नोकरी त्यांना सहजासहजी मिळाली नाही. युद्धाच्या काळात त्या कारखान्यातली विमाने तळांवर पोचवण्याचे काम करीत होत्या, आणि त्याच कामावर जानेवारी १९४१ मध्ये त्यांना मृत्यू आला. उडता येणे ही एक गोष्ट आणि उडून पोट भरणे ही दुसरी. आपल्या मुलाचा प्रश्न या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : नोकरी सोडावी की सोडू नये, यावर घरात भांडत बसू नका. आधी क्रम ठरवा. विहिरीसाठी जमीन गहाण टाकण्यापूर्वी आपण पाणी लागेल का, याची चौकशी करतो. तशीच चौकशी इथेही तीन ठिकाणी करायची असते, आणि या तिन्हींसाठी नोकरी सोडावी लागत नाही.

पहिली चौकशी शरीराची. केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडून आधी दुसऱ्या वर्गाची आणि मग पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. डोळे, कान, हृदय, रक्तदाब, साखर, सारे पाहतात. चष्मा आहे म्हणून कोणी बाद होत नाही. चष्म्याने नजर पुरती सुधारली म्हणजे झाले. पण रंग नीट ओळखता आले नाहीत तर वाट तिथेच अडू शकते. अर्धे पैसे भरल्यावर हे कळण्यापेक्षा एक दिवसाची रजा काढून आधीच कळलेले बरे. ही तपासणी एकदाच करून संपत नाही, बरं का. नोकरीभर ती ठरावीक काळाने करावी लागते.

दुसरी चौकशी अभ्यासाची. आजवरचा नियम असा की बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलाला हे दोन विषय मुक्त विद्यालयातून नंतर देता येतात. नियम बदलतात, म्हणून ताजा नियम स्वतः पाहून घ्यावा. पुढे व्यावसायिक परवान्याच्या लेखी परीक्षा : दिशादर्शन, हवामान, हवाई नियम, विमान व इंजिन यांचे ज्ञान. उत्तीर्ण होण्यास शंभरात सत्तर गुण लागतात. हा अभ्यास संध्याकाळी घरी बसून होतो. दिवसभर कचेरी करून वर्षभर जो नेमाने पुस्तक उघडतो, त्याची हौस खरी समजावी.

तिसरी चौकशी पैशाची. व्यावसायिक परवान्याला किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी हे शिक्षण मिळते. खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो आणि मोठे विमान चालवण्याचे खास शिक्षण त्याहून वेगळे. आता पाटीवर गणित मांडा. पन्नास लाखांचे कर्ज दरसाल दर शेकडा दहा व्याजाने काढले, तर नुसते व्याजच महिन्याला एक्केचाळीस हजारांवर जाते. परवाना मिळाल्याच्या दिवशी नोकरी मिळत नाही. वर्ष जाते, कधी दोन जातात. त्या काळात हे व्याज कोण भरणार, याचे उत्तर कागदावर मांडता येत नसेल, तर जमिनीच्या उताऱ्याला हात लावू नये.

आकाशातली नोकरी कचेरीइतकी पक्की नसते, हेही ध्यानात घ्या. किंगफिशर २०१२ साली बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. २०२० सालच्या साथीत देशातील प्रवासी विमाने दोन महिने जमिनीवर उभी होती. हजारो तास उडालेले वैमानिकसुद्धा तेव्हा पगाराविना घरी बसले.

आणखी एक गोष्ट. कचेरीतल्या कागदांचा, नियमांचा कंटाळा आला म्हणून कोणी तिकडे निघाला असेल, तर त्याची मोठी फसगत होईल. विमानाच्या खुर्चीतही नियमच असतात. प्रत्येक उड्डाणापूर्वी तपासणीची यादी मोठ्याने वाचायची, सोबत्याने उत्तर द्यायचे, उडालेल्या प्रत्येक तासाची वहीत नोंद करायची. पावसाळ्यात ढग खाली उतरले आणि धावपट्टी दिसेना, तर हट्ट न करता विमान दुसरीकडे न्यायचे. हिशेबात एक पैशाची चूक न करणारा कारकून या कामाला नालायक नाही. उलट त्याची टापटीप हेच त्याचे भांडवल.

गुरुजनहो, तुमच्याकडे एक मागणे आहे. सातवी-आठवीच्या वर्गातच सांगा की गणित आणि भौतिकशास्त्र सोडले की ही वाट लांबची होते. मुलींनाही सांगा. १९८५ साली सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिलचरला विमान नेले, तेव्हा दोन्ही वैमानिक स्त्रियाच होत्या.

आणि आईबापहो, पोराने विषय काढला की एकदम ‘नाही’ म्हणू नका, आणि भरात येऊन जमीनही विकू नका. त्याला म्हणा, ‘‘तपासणी करून ये, परीक्षा देऊन दाखव, हिशेब मांडून दाखव. तोवर नोकरीवर जात राहा.’’ तिन्ही ठिकाणी तो खरा उतरला आणि तरीही त्याचे मन वरच लागले असेल, तर राजीनाम्याचा कागद त्याला लिहू द्या. मग तो कागद रागाने लिहिलेला नसेल, विचाराने लिहिलेला असेल. तिन्हींपैकी एकात तो अडला, तरी काही बिघडले नाही. नोकरी जागेवर आहे, जमीन जागेवर आहे, आणि आपण अजमावून पाहिले, ही रुखरुख न ठेवणारी गोष्ट त्याच्या पदरी राहील.