चंदीआधी गवत

दातिवऱ्याहून आम्ही बोलतोय. इथून कोरे, एडवण, उसरणी करत केळव्यापर्यंत किनाराच किनारा. शनिवार-रविवारी पर्यटक येतात, लग्नसराईत वराती निघतात. ज्यांच्या दारात घोडा आहे, त्यांचं घर या दिवसांवर चालतं. लगाम पुरुषांच्या हातात, पण तोबरा बहुतेक घरी बाईच भरते. म्हणून आज तोबऱ्याविषयी.

घोडा सुकला की सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्या सांगतात, हरभरे वाढव. हरभरे वाढतात, चार दिवसांत घोडा उधळायला लागतो, आणि फासळ्या मात्र तशाच. त्याच पाठीवर मग कुणाचं तरी पाच वर्षांचं पोर बसतं, नाहीतर फटाक्यांच्या आवाजात नवरदेव. अंगावर मांस नसणं ही एक गोष्ट, अंगात जोर नसणं ही दुसरी. दोन्हीला एकच औषध नाही.

आधी हात लावून बघा. १९८३ साली अमेरिकेत हेनेके या संशोधकाने घोड्याच्या अंगाला १ ते ९ गुण द्यायची रीत बसवली. १ म्हणजे सापळा, ९ म्हणजे लठ्ठ, ५ म्हणजे ठीक. पाच गुणांच्या घोड्याच्या फासळ्या हाताला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. पोटावर जाऊ नका. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर राहिलेल्याचं पोट सुटतं आणि फासळ्या वर येतात.

मग वजन. सुतळीने छातीचा घेर घ्या, खांद्यापासून ढुंगणापर्यंत लांबी घ्या आणि शिवणाच्या टेपवर सेंटिमीटर मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर अंदाजे २६५ किलो. अशा घोड्याला दिवसाला साधारण सहा किलो सुकं खाणं लागतं, आणि त्यातलं बहुतेक गवत हवं. पेंढा नव्हे, चांगलं वाळलेलं, बुरशीचा वास नसलेलं गवत. भारा डोळ्यांनी मोजू नका, ताणकाट्याला लावा.

घोड्याचं पोट लहान आणि त्याला ओकता येत नाही. त्यामुळे चंदी एका वेळी किलोच्या आतच, दोन-तीन वेळा विभागून. सुकलेल्या घोड्याला गवत पुरेसं झाल्यावर चंदीत तेल घाला. दोन चमच्यांपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाटीभर. तेलाने मांस चढतं, डोकं तापत नाही. अंग चांगलं असून घोडा थकत असेल तर आधी पाणी आणि मीठ बघा. घामावाटे मीठ जातं, रोज दोन चमचे द्यायला हवं. लठ्ठ घोड्याची चंदी बंद करा, पण त्याला उपाशी ठेवू नका.

आता शनिवारचं. सोमवार ते शुक्रवार घोडा उभा आणि चंदी पूर्ण, मग शनिवारी एकदम दिवसभर धाव. अशाने कंबर आखडते, लघवी गडद होते. तसं झालं तर त्याला चालवू नका, डॉक्टर बोलवा. म्हणून कामाचा दिवस नसेल तेव्हा चंदी निम्म्यावर आणा, गवत तेवढंच ठेवा, आणि रोज थोडं फिरवा. पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात तेव्हाही हेच. ओला चारा सुरू करताना आठ-दहा दिवस हळूहळू बदला.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे वाळू. वाळूवर टाकलेलं गवत खाताना ती पोटात जाते, साचते आणि पोटशूळ उठतो. गवत घमेल्यात किंवा ताडपत्रीवर द्या. शंका असेल तर लिदीचे पाच-सहा गोळे पाण्याच्या बरणीत विरघळवा. पंधरा मिनिटांनी तळाला वाळू बसली की समजायचं.

आणि एवढं करूनही घोडा भरत नसेल, किंवा घास चावून बाहेर टाकत असेल, तर दात आणि जंत तपासून घ्या. पशुवैद्यकासाठी १९६२ हा नंबर फुकट लागतो. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा.